ज्यांचे पत्ते निघाले नाहीत

उन्हाळ्याच्या सुट्टीत एकत्र कुटुंबाच्या घराची काय अवस्था होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतात, माजघरात आंब्यांची अढी असते, आणि ओटीवर मुलांचे राज्य असते. नगरच्या आमच्या जुन्या वाड्यातही गेल्या सुट्टीत तसेच होते. (शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ सालापासून अहिल्यानगर झाले आहे, परंतु आमच्या तोंडी जुन्या सवयीने अद्यापि ‘नगर’च येते.) पुण्याहून पुतणे आले होते, भाचरे आली होती, आणि ओटीवर पत्त्यांचा बाजार भरला होता.

हे पत्ते म्हणजे खेळावयाचे बावन पत्ते नव्हेत. तळहाताएवढ्या जाड कागदावर एका अंगास खेळाडूचे रंगीत चित्र आणि दुसऱ्या अंगास त्याचे सामने, धावा व बळी यांचा हिशेब छापलेला असतो. मुले ते जमवितात, आपसांत बदलतात, आणि त्यांवरून भांडतातही. मुले त्यांस ‘कार्डे’ म्हणतात. आम्ही येथे पत्तेच म्हणू. त्या बाजारात दोन पत्त्यांचा भाव विशेष चढा होता: एक झहीर खान यांचा व दुसरा अजिंक्य रहाणे यांचा. झहीर खान श्रीरामपूरचे; कसोटी सामन्यांत त्यांनी ३११ बळी घेतले. रहाणे संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचे. २०२० सालच्या डिसेंबरात मेलबर्नच्या मैदानावर संघाचे नेतृत्व करीत त्यांनी काढलेले शतक आमच्या घरच्या पोरांस तोंडपाठ आहे. ‘हे दोघे आपल्या जिल्ह्याचे’ या एकाच कारणाने त्यांच्या एकेका पत्त्यास परजिल्ह्याचे चार चार पत्ते मोजले जात होते.

त्या दिवशी महिन्याची पहिली तारीख होती. आमच्या घरी चाळीस वर्षे रतिबाचे दूध घालणारे पैलवान हिशेबासाठी आले होते. दूध आता त्यांचा मुलगा मोटारसायकलीवरून आणतो. हिशेबास मात्र ते स्वतः येतात. वय पंच्याहत्तरीच्या घरात, मान अजूनही बैलासारखी, आणि दोन्ही कान मोडून गोळा झालेले. कुस्तीगिराचे कान असे का होतात, हे तालीम पाहिलेल्यांस ठाऊक आहे. मानेवरच्या पकडीत कान पुनःपुन्हा रगडले जातात, आत रक्त साकळते, आणि पुढे कान तसाच आकसून कठीण होतो. आमच्या आठ वर्षांच्या भाचीने त्या कानांकडे पाहिले, हातांतल्या पत्त्यांकडे पाहिले, आणि विचारले, “मामा, पैलवानबाबांचे कार्ड का नाही? तेसुद्धा कुस्त्या खेळून पैसे मिळवीत होते, असे आजी म्हणते.”

आम्ही हसलो. ती हसली नाही. तिने दुसरा प्रश्न केला: “त्यांचे नाव काय?”

वाचकहो, आम्ही उत्तरासाठी तोंड उघडले आणि ते तसेच राहिले. वहिनींस नाव ठाऊक नव्हते. आमच्या मातोश्रींसही नव्हते. हिशेबाची वही काढून पाहिली. चाळीस वर्षांच्या वह्यांत दर महिन्यास एकच नोंद होती: ‘पैलवान, दूध.’

मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पैलवानांनीच दिले. पहिल्याचे उत्तर शोधावयास आम्हांस या पत्त्यांचा इतिहास चाळावा लागला. तो मनोरंजक तर आहेच, पण त्याहून अधिक बोधप्रद आहे.

हे पत्ते खेळाच्या प्रेमातून जन्मले नाहीत. सिगारेट मोडू नये म्हणून जन्मले. गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात अमेरिकेत सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटांत विकल्या जात. पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. त्या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापल्यास गिऱ्हाईक तेच पाकीट पुन्हा मागेल, हे व्यापाऱ्यांच्या लवकरच ध्यानी आले. रिचमंड शहरातील ॲलन अँड गिंटर या कंपनीने १८८७ साली जगज्जेत्यांची पन्नास पत्त्यांची मालिका काढली. तीत बेसबॉलचे खेळाडू होते, मुष्टियोद्धे होते, वल्हेकरी होते, ॲनी ओकलेसारखी निशाणबाज स्त्री होती, आणि कुस्तीगीरही होते. म्हणजे आमच्या भाचीचे म्हणणे काही जगावेगळे नव्हते. कुस्तीगिराचा मान या पत्त्यांत अगदी आरंभापासून आहे. पुढे ब्रिस्टलच्या विल्स कंपनीने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंची मालिका काढली, आणि ब्रिटनमधील घराघरांतून मुले वडिलांच्या पाकिटांची वाट पाहू लागली. १९४० साली महायुद्धामुळे कागदाची टंचाई झाली व तेथील सिगारेटचे पत्ते बंद पडले.

अमेरिकेत त्यांची जागा च्युइंग गमने घेतली. टॉप्स या कंपनीची १९५२ सालची बेसबॉल मालिका या छंदात सर्वांत प्रसिद्ध मानली जाते. ती कोठे तयार झाली असेल? साय बर्जर नावाच्या एका नोकराने ब्रुकलिनमधील आपल्या घरी, स्वयंपाकघरातील टेबलावर, पुठ्ठा, कातरी व डिंक घेऊन तिचा नमुना सिद्ध केला. वर चित्र, सही व संघाचे चिन्ह. मागे जन्मतारीख, उंची, वजन व खेळाचे आकडे. तीच रचना आजही चालू आहे. त्या मालिकेतील न खपलेले गठ्ठे १९६० साली बोटीत भरून अटलांटिक महासागरात बुडविण्यात आले. आणि त्याच मालिकेतील मिकी मँटल या खेळाडूचा एक पत्ता २०२२ साली एक कोटी सव्वीस लाख डॉलरांस विकला गेला. लोकांच्या आवडीचा भरवसा किती धरावा, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

परंतु आमचा विषय विकल्या गेलेल्या पत्त्यांचा नसून न निघालेल्यांचा आहे. पत्ता कोणाचा निघे? ज्याच्याशी कंपनीने आगाऊ करार केलेला असेल, आणि ज्याचे चित्र खपेल असे तिला वाटेल, त्याचा. जो एखाद्या महिन्यापुरताच मोठ्या संघात आला, जखमी झाला, किंवा परत धाडला गेला, त्याचा पत्ता कोण छापणार? अशा खेळाडूंस अमेरिकेत ‘एक पेला कॉफी पिऊन गेलेला’ असे म्हणतात. म्हणजे तो बसला, कॉफी प्याला, आणि उठून गेला. आर्चिबाल्ड ग्रॅहॅम नावाचा खेळाडू २९ जून १९०५ रोजी न्यूयॉर्कच्या संघाकडून शेवटी शेवटी मैदानात उतरला. चेंडू टोलविण्याची पाळी त्याच्यावर आली नाही, आणि पुन्हा त्या संघाकडून तो कधी खेळलाही नाही. पुढे तो डॉक्टर झाला आणि मिनेसोटा प्रांतातील चिझम गावी त्याने आयुष्यभर रोगी तपासले.

कधी कधी व्यापाऱ्यांचा अंदाजही साफ चुकतो. मॉरी विल्स हा काही मोठा खेळाडू होणार नाही, असे ठरवून टॉप्सने आरंभी त्याच्याशी करारच केला नाही. त्याच विल्सने १९६२ साली एका मोसमात १०४ वेळा गोलंदाजाची नजर चुकवून पुढचा तळ गाठला व सत्तेचाळीस वर्षांचा उच्चांक मोडला. त्या वर्षीचा सर्वश्रेष्ठ खेळाडू तो ठरला. परंतु टॉप्सचा त्या वर्षीचा त्याचा पत्ता नव्हता. पुढे १९७५ साली जुन्या श्रेष्ठ खेळाडूंची आठवण म्हणून मालिका काढताना कंपनीची पंचाईत झाली, आणि तिने १९६२ सालचा विल्सचा, कधीच न निघालेला, पत्ता तेव्हा निघाला होता अशा थाटात तयार करून छापला! ज्याने वगळले, त्यालाच शेवटी नकली पत्ता करावा लागला.

या उणिवेतूनच एक नवी हौस जन्मास आली. लॅरी फ्रिट्श या पत्त्यांच्या व्यापाऱ्याने १९७० च्या दशकात अशा अल्पकाळ खेळून गेलेल्यांची स्वतंत्र मालिका काढली. आज कित्येक गृहस्थ फावल्या वेळात तेच घरी करतात. जुने छायाचित्र मिळवावयाचे, खेळाडू ज्या साली खेळला त्या सालच्या पत्त्यांचा रंग व अक्षरवळण साधावयाचे, जुन्या वर्तमानपत्रांतून आकडे तपासावयाचे, आणि एक-दोनच प्रती काढून त्यांतली एक त्या खेळाडूस किंवा त्याच्या मुलाबाळांस पाठवावयाची. यात पैसा नाही. कोणी तरी आपली मोजणी केली, एवढेच समाधान त्यात आहे.

आणि वगळण्याचे कारण नेहमीच अल्प कामगिरी हे नसते. अमेरिकेत कृष्णवर्णीय खेळाडूंस गोऱ्यांच्या संघांत दशकानुदशके प्रवेश नव्हता. त्यांनी आपले निराळे संघ काढले. १९२० ते १९४८ या काळातील त्यांच्या सात संघसमूहांस ‘श्रेष्ठ दर्जाचे’ ही मान्यता मिळाली ती २०२० सालच्या डिसेंबरात! तोवर त्यांचे आकडे अधिकृत आकड्यांत धरलेच जात नव्हते.

हे वाचून आपण सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, काय हे अमेरिकन लोक! परंतु वाचकहो, हा दोष दूरदेशीचाच आहे असे नाही.

पळवणकर बाळू यांचे नाव आपल्या घरांतील किती मुलांस ठाऊक आहे? धारवाड येथे चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा तरुण पुण्यास युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीवर होता. रोलर फिरवावा, जाळी बांधावी, आणि साहेबांस सरावासाठी चेंडू टाकावे, हे त्याचे काम. पगार महिना काही रुपये. त्या सरावातून डावखुरा फिरकी गोलंदाज असा तयार झाला की, पुण्याच्या हिंदू क्लबास त्यास संघात घेणे भाग पडले. मैदानावर तो चेंडू टाकी तेव्हा त्याच्या हातचा चेंडू सर्व जण घेत. परंतु चहाच्या वेळी इतर मंडळी आत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत, आणि बाळूस तो बाहेर मातीच्या कुल्हडात मिळे. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी हे सविस्तर लिहिले आहे. १९११ साली हिंदी संघ विलायतेस गेला, तेव्हा त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांस कधीच मिळाले नाही. ते पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस मिळाले.

येथे एक गोष्ट लिहिताना संकोच होतो. परंतु बाळूंचे लिहावयाचे आणि स्वतःचे लपवावयाचे, हे बरे नव्हे. आमच्या वाड्याच्या पायरीवर, डाव्या हाताच्या कोनाड्यात, दांडी तुटलेला एक कप पुष्कळ वर्षे असे. पैलवानांस चहा द्यावयाचा तो त्या कपात. तो कप कोणी ठेवला, कोणी तसे सांगितले, हे आठवत नाही. कोणीच सांगितले नसावे; असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

दुसरे नाव जनार्दन नवले यांचे. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. त्यात आपल्या संघाकडून पहिला चेंडू खेळणारा फलंदाज तो हा फुलगावचा नवले, यष्टिरक्षणही त्याचेच. दोन डावांत धावा १२ व १३. एकूण कसोटी सामने दोन, धावा ४२. पत्त्याच्या पाठीवर हे आकडे छापले तर कोणी मूल तो पत्ता बदल्यात घेणार नाही. परंतु कोणी तरी पहिला चेंडू खेळल्यावाचून पुढचा इतिहास घडत नाही. अशा माणसास उत्तरवयात साखर कारखान्यात पहाऱ्याची नोकरी करावी लागली. १९७९ साली पुण्यास त्यांचे निधन झाले.

क्रिकेटपटूंची निदान धावपत्रके तरी असतात. आमच्या नगर जिल्ह्यातील खरा व्यवसायी खेळाडू म्हणजे गावोगावच्या यात्रांतून लढणारा मल्ल, आणि त्याची धावपत्रिका कोणीच ठेवीत नाही. पंढरपूर-कोल्हापूरकडे ज्यास ‘कुस्त्यांचे मैदान’ म्हणतात, त्यास आमच्याकडे ‘हगामा’ म्हणतात. पाथर्डी तालुक्यात मोहटादेवीच्या यात्रेचा हगामा, कर्जतला गोदड महाराजांच्या यात्रेचा हगामा, आणि लहान गावांच्या यात्रा तर असंख्य. दुपारी ऊन कलले की हलगी वाजू लागते. प्रथम लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग रुपयांच्या, आणि अखेर मानाची कुस्ती. पंच दोघांचे हात धरून जोड लावतात. कोणाची वयाने-वजनाने बरोबरी होते ते डोळ्यांनीच ठरते. शड्डू घुमतो, खडाखडी होते, आणि एकाच्या पाठीस माती लागली की निकाल. विजयी मल्लास फेटा बांधतात, हातात इनाम देतात, आणि हलगीवाला पुढच्या जोडीकडे वळतो. त्या इनामावर खुराक चाले, बहिणीचे लग्न होई, म्हैस विकत घेतली जाई. मात्र कोण कोणाशी लढला, कोणत्या डावावर जिंकला, हे यात्रेच्या वर्गणीच्या वहीत नसते. तीत असते ती फक्त खर्चाची रक्कम.

राज्याची मोठी स्पर्धा असली की गोष्ट निराळी. १९६१ सालापासून ‘महाराष्ट्र केसरी’ होणाऱ्या मल्लांची यादी उपलब्ध आहे. २०२५ च्या आरंभी ती स्पर्धा आमच्याच शहरात वाडिया पार्कच्या मैदानावर भरली; गदा पृथ्वीराज मोहोळ यांनी जिंकली, हे सर्व वर्तमानपत्रांत आले. परंतु एका केसरीमागे शेकडो मल्ल असतात. त्यांच्याशी झुंजूनच केसरी तयार होतो, आणि त्यांचे नाव शेवटी कोणाच्या तरी रतिबाच्या वहीतही राहत नाही.

तेव्हा आमच्या मुलांनी ठरविले की, पैलवानांचा पत्ता आपणच काढावयाचा. हाताने पत्ते रंगविणे ही आपल्या प्रांतास काही नवी कला नाही. सावंतवाडीची गंजिफा प्रसिद्धच आहे; दशावतारी गंजिफेतील एकशेवीस गोल पत्ते कारागीर एकेक करून रंगवितात. मुलांनी गोल आकार घेतला नाही. रुंदी अडीच इंच व उंची साडेतीन इंच, हे प्रचलित माप घेतले, जाड पुठ्ठा कापला, आणि पुढच्या पहिल्या तारखेस पैलवान आले तेव्हा त्यांस ओटीवर बसवून घेतले. पायरीवर नव्हे, ओटीवर. चहा घरच्या कपातून आला. पैलवानांनी कपाकडे एकदा पाहिले, आमच्याकडे एकदा पाहिले, आणि काही न बोलता चहा घेतला. त्या दृष्टीचे वर्णन आम्ही करणार नाही.

पुढची अडचण चित्राची. आखाड्यातले त्यांचे एकही छायाचित्र नव्हते. तेव्हा आमच्या थोरल्या पुतणीने समोर बसवून त्यांचे चित्र काढले; आधी कान काढले, मग बाकीचे तोंड. त्याहून मोठी अडचण पाठीवरच्या आकड्यांची. एकूण कुस्त्या किती? पैलवान म्हणाले, “मोजल्या न्हाईत बाळा. मोजायचं काम पंचांचं.” एका चिरंजीवाने परस्पर ‘३००’ लिहून टाकले. आम्ही ते खोडावयास लावले. पत्ता घरचा असला तरी आकडा खरा हवा. खोट्या आकड्याने माणसाचा मान वाढत नाही, उलट जे खरे असते त्यावरचाही विश्वास उडतो. दुसऱ्या मुलाने नावापुढे ‘अजिंक्य’ असे विशेषण घातले होते. ते वाचून दाखविताच पैलवानांनी हात वर केला.

“अण्णा, ते काढा. अजिंक्य कोण असतंय? मला पाडलाय की.”

आणि मग त्यांनी ती कुस्ती सांगितली. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची यात्रा. आमच्याकडील वृद्ध माणसे साल आकड्याने सांगत नाहीत, दुष्काळाने सांगतात. म्हणजे १९७१. इनाम एकशे एक रुपये. समोरचा मल्ल शेजारच्या तालुक्यातला, वयाने दोन-तीन वर्षांनी मोठा. पाव घटका खडाखडी झाली, आणि कसे कळावयाच्या आत त्याने ढाक लावली. “आभाळ दिसलं,” पैलवान म्हणाले. “हलगी थांबली. लोक त्याला उचलायला धावले. त्यानं लोकांना थांबीवलं. मला हात देऊन उठीवलं, आन् माझ्या पाठीची माती आपल्या हातानं झाडली. मग फेटा बांधून घ्यायला गेला. त्याचं नाव लिवा मागं. माझं पुढं असंल तर त्याचं मागं पायजे.”

वाचकहो, मल्लाच्या पाठीची माती म्हणजे त्याच्या पराभवाची खूण. ती झाडावयास जिंकणाराच वाकला, ही गोष्ट त्या म्हाताऱ्याने चोपन्न वर्षे जपून ठेवली होती. आणि कोणी विचारले नाही म्हणून सांगितली नव्हती.

त्या कुस्तीस दुजोरा मिळाला. पैलवानांच्याच गावातील एका वृद्ध गृहस्थाने ती डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी इनामाची रक्कम व डावाचे नाव न विचारता तेच सांगितले. मग पत्ता पुरा झाला: नाव, गाव, तालीम, वस्ताद, आवडता डाव घिस्सा, आणि एकच कुस्ती, तीही हरलेली, तारखेऐवजी सालासह. ‘एकूण कुस्त्या’ या शब्दांपुढे मुलांनी एक आडवी रेघ ओढली. खालच्या बाजूस बारीक अक्षरांत लिहिले की, हा पत्ता घरी केलेला आहे. म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज होऊ नये.

पैलवानांनी आपल्या पत्त्याची आणखी एक प्रत मागून घेतली. ती त्या जिंकलेल्या मल्लास द्यावयाची होती. एस. टी. ने ते त्याच्या गावी जाऊन आले. मुलांनी तोवर दुसरा पुठ्ठा कापून ठेवला होता. त्या मल्लाची माहिती विचारून आणा, त्याचाही पत्ता काढू, असे त्यांनी बजावले होते. पैलवान परतले ते दुसऱ्या दिवशी. तो मल्ल दोन वर्षांमागेच गेला होता. घरी नातू होता. आजोबा कुस्ती खेळत, एवढे त्यास ऐकून ठाऊक होते. कोठे, कोणाशी, ते ठाऊक नव्हते. आखाड्यातले चित्र नव्हते, वस्तादाचे नाव कोणास सांगता येत नव्हते. पैलवानांनी नातवास आपला पत्ता दिला, मागचे नाव बोट ठेवून दाखविले, आणि ते परत आले.

मुलांनी तो दुसरा पत्ताही केला. त्याचे पुढचे अंग कोरे आहे. ज्यास आम्ही पाहिले नाही त्याचे चित्र मनाने काढणे मुलांस योग्य वाटले नाही, आणि ते बरोबर होते. मागे नाव, गाव, आणि एवढेच आहे: ‘१९७१ सालच्या यात्रेत ढाक डावावर विजयी. हरलेल्या जोडीदाराच्या पाठीची माती यांनी स्वतः झाडली.’ आमच्या ओटीवरच्या बाजारात झहीर खान बदलून मिळतात, रहाणे मिळतात. हा कोरा पत्ता द्यावयास मात्र कोणी मूल तयार नाही.

आता वाचकांस एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीत मुले ‘काय करू?’ म्हणून विचारतील. त्यांस पुठ्ठा, कातरी व डिंक द्यावा. आपल्या गावचा जुना खो-खोपटू असेल, जिल्ह्याच्या संघात एकदाच खेळून आलेली एखादी आत्याबाई असेल, सर्कशीत किंवा पोलीस खात्याच्या संघात खेळलेला कोणी असेल. त्यांजकडे मुलांस पाठवावे. गावच्या वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली असतील तर आकडे तेथे ताडून पाहावे. नगरचे जिल्हा वाचनालय तर १८३८ सालापासूनचे आहे. जे कळले नाही तेथे आडवी रेघ ओढावी. तिची लाज वाटू देऊ नये. फक्त विलंब करू नये. आकडे पुढेमागे सापडतील, पण तोंडची हकीकत माणसाबरोबर जाते.

आणि या सर्वांच्या आधी घरातील हिशेबाची वही एकदा काढून पाहावी. तीत ज्यांची नोंद केवळ धंद्याने केलेली आहे, त्यांस त्यांचे नाव विचारावे. आमच्या वहीत या महिन्यापासून ते लिहिले आहे. येथे ते छापीत नाही, कारण पैलवानांनी तशी परवानगी दिलेली नाही. “पत्त्यावर हाय तेवढं बास,” असे ते म्हणाले.